शिबिरात माणूस कोसळल्यास : हृदयरोगतज्ज्ञांसाठी बाळबोध मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

नावापुढे एमडी, डीएम आणि त्यानंतर परदेशी फेलोशिपची चार-दोन अक्षरं लावणाऱ्या, पण बंद पडलेल्या छातीवर स्वतःचे तळहात टेकवून बरीच वर्षं लोटलेल्या हृदयरोगतज्ज्ञांसाठी ही मार्गदर्शिका आहे. विषयाचं पूर्वज्ञान लागत नाही. असेलच, तर ते थोडा वेळ बाजूला ठेवावं. बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

प्रात्यक्षिकासाठी आष्टी निवडली आहे. तालुक्याचं ठिकाण, जिल्हा बीड, पण आजारपणात तोंड नगरकडे. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं, तरी पेशंट गाडीत घातल्यावर ड्रायव्हरला “नगरला घे” एवढंच सांगतात आणि त्याला ते कळतं.

साहित्य

दोन हात, दोन गुडघे, कठीण जमीन आणि चार्ज असलेला एक मोबाइल. मायक्रोफोन, व्यासपीठ आणि शाल यांचा उपयोग नाही. आधीच मिळाली असतील तर बाजूला ठेवावीत.

प्रसंग

समजा, रविवार आहे. आष्टीतल्या एका मंगल कार्यालयात ‘भव्य मोफत हृदयरोग तपासणी शिबिर’ भरलं आहे. फ्लेक्सवर आपला फोटो आहे आणि त्याच्याभोवती आपल्याहून मोठे दहा फोटो आहेत. सत्कार आटोपला आहे. ईसीजीच्या टेबलापाशी रांग आहे. कोणी कड्याहून आलंय, कोणी धानोऱ्याहून. कोणी ऊसतोडीला जायच्या आत एकदा छाती दाखवून घेऊ म्हणून आलंय. त्या रांगेतले साठीचे एक नाना “डॉक्टर, जरा...” एवढंच म्हणतात आणि खाली कोसळतात.

दोनशे माणसं एकदा नानांकडे बघतात आणि मग सगळी मिळून आपल्याकडे. एवढं ध्यानात ठेवून पाठ पहिला उघडावा.

पाठ १ : ओळख

*रूढ पद्धत.* “बाजूला व्हा, हवा येऊ द्या,” असं म्हणावं. गळ्यातच असलेला स्टेथोस्कोप शोधावा. एका मनगटाची नाडी बघावी, लागली नाही तर दुसऱ्या मनगटाची बघावी. बीपीचा पट्टा मागवावा. तोवर कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी तोंडावर पाणी मारतो. त्या अडाण्यांना रागवावं आणि आपण शास्त्रीय उपाय म्हणून सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायला सांगावी. मधेच नाना घोरल्यागत एक मोठा श्वास ओढतात. “श्वास चालू आहे, काळजी नको,” असं जाहीर करावं. मग ईसीजी लावावा. कागदावर सरळ रेघ आली, की निदान पक्कं झालं.

*नियमावलीची पद्धत.* खांदे हलवावेत, मोठ्यानं हाक मारावी. माणूस ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढं पुरे. डॉक्टरनं मानेतली नाडी बघायची ती जास्तीत जास्त १० सेकंद आणि त्याच १० सेकंदांत श्वासही बघून घ्यायचा. नाडी नक्की लागली असं वाटत नसेल, तर ती नाही असं धरून छाती दाबायला लागायचं. सामान्य माणसानं तर नाडीच्या फंदात पडायचंच नाही.

तो घोरल्यागत तुटक श्वास म्हणजे आचके. हृदय थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत बऱ्याच जणांना ते लागतात आणि त्यांना श्वास समजून थांबलेल्या माणसांमुळे बरेच जीव जातात. गोळीचं म्हणाल, तर सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करतं. इथं रक्त वाहतच नाही. शिवाय बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालायचं नसतं.

हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत अडथळा. त्यात माणूस घामाघूम होतो, छाती धरून बसतो, पण बोलतो. कार्डियाक अरेस्ट म्हणजे पंपच थांबला. हा फरक आपण रोज ओपीडीत कागदावर हृदय काढून नातेवाइकांना समजावता. माणूस पायाशी पडल्यावर तो विसरायची मुभा फक्त रूढ पद्धतीत आहे.

पाठ २ : ‘नगरला हलवा’

*रूढ पद्धत.* “इथं काही सोय नाही, ताबडतोब नगरला हलवा,” हे वाक्य खणखणीत आवाजात म्हणावं. त्यानं जबाबदारीही नगरला हलते. चौघांनी नानांना हातापायाला धरून बोलेरोत घालावं. पाय बाहेर राहिले तर दार उघडंच ठेवावं.

*नियमावलीची पद्धत.* थोडं गणित करावं. मेंदूला रक्त मिळालं नाही, तर चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला लागते. आष्टी-नगर रेल्वे २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली. तो लोहमार्ग ६६ किलोमीटरचा. नानांना त्यावरून पाच मिनिटांत नगर गाठून द्यायचं तर गाडी ताशी ७९२ किलोमीटर वेगानं धावली पाहिजे. हा वेग विमानाचा आहे. १७ सप्टेंबर २०२५ पासून रेल्वे बीडपर्यंतही जाते. पण बीड तरी पाच मिनिटांत कुठं येतं?

शॉकनं पुन्हा सुरू होऊ शकेल असं हृदय असलं, तरी छाती कोणीच दाबत नसेल तर शॉक मिळेपर्यंतच्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. छाती दाबत राहिलं, तर ही घट साधारण निम्म्यावर येते. तेव्हा नानांचा जीव नगरच्या कॅथलॅबमध्ये ठरत नाही. तो मंगल कार्यालयाच्या फरशीवर, पहिल्या चार-पाच मिनिटांत ठरतो.

म्हणून एका माणसाकडे बोट दाखवून सांगावं, “तुम्ही १०८ लावा, फोन स्पीकरवर ठेवा.” “कोणीतरी फोन करा” असं म्हटलं, की दोनशेपैकी प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं केला. दुसऱ्या एकाला डिफिब्रिलेटर आणायला पिटाळावं. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली, तेव्हा ताफा ९३७ रुग्णवाहिकांचा होता. त्यांतल्या २३३ प्रगत उपकरणांच्या आणि ७०४ प्राथमिक उपचारांच्या. गाडी येईपर्यंत थांबायचं नसतं, दाबायचं असतं. नानांना हलवायचं आहेच, पण हात छातीवर पडल्यानंतर.

पाठ ३ : जागा

*रूढ पद्धत.* पेशंट खाली पडलेला बरा दिसत नाही. त्याला खुर्चीत बसवावं, नाहीतर तपासणीच्या गादीवर घ्यावं. घरी असेल तर बाजेवर.

*नियमावलीची पद्धत.* जिथं पडला तिथंच, पाठीवर, कठीण जमिनीवर. गादी असली की छातीऐवजी गादीच दबते. बाजेची सुंभं तर सगळा जोर गिळून वर झोका देतात. खुर्चीत बसवलेल्या माणसाच्या मेंदूकडे रक्ताला चढण चढावी लागते.

आता आपल्याला गुडघे टेकावे लागतील. ही या अभ्यासक्रमातली सर्वांत कठीण पायरी आहे, असं जाणकार सांगतात. पँटची इस्त्री मोडते. समोर तहसीलदार, सभापती आणि औषध कंपनीचे प्रतिनिधी उभे असतात. तरीही टेकावे.

कोसळलेली व्यक्ती बाई असेल, तर रूढ पद्धतीनं आधी एखादी बाई शोधायला माणूस पाठवतात. बायकांना परक्या माणसांकडून सीपीआर कमी मिळतो, असं परदेशांतल्या पाहण्यांतही आढळलं आहे. तेव्हा लाज ही काही फक्त मराठवाड्याची मिरास नाही. नियमावलीत बाईची छाती आणि पुरुषाची छाती असे दोन वेगळे पाठ नाहीत. पदर बाजूला, हात छातीच्या मधोमध.

पाठ ४ : हात

*रूढ पद्धत.* कोपरं वाकवून, बोटं पसरून, छातीच्या डाव्या बाजूला हलके हलके दाबावं, कारण हृदय डावीकडे असतं हे आपण शिकलो आहोत. दहा-बारा वेळा दाबून थांबावं, नाडी बघावी. पुन्हा दाबावं, डोळ्यांत टॉर्च मारून बघावं. दम लागला, तरी दुसऱ्याला जागा देऊ नये. अर्धवट सोडल्यासारखं दिसतं.

*नियमावलीची पद्धत.* छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात. कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. दाबायचं ते कमरेतून, अंगाचं वजन टाकून. खोली ५ ते ६ सेंटिमीटर. वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण ती वर येते तेव्हाच हृदयात रक्त भरतं; तिच्यावर रेलून राहिलं, तर दाबायला आत काही उरत नाही. थांबायचं झालं तर १० सेकंदांच्या आत पुन्हा सुरू. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा. दमलेल्या माणसाला आपला जोर कमी पडतोय हे कळत नाही, म्हणून ‘मी ठीक आहे’ हे त्याचं म्हणणं ग्राह्य धरायचं नसतं.

ठेक्यासाठी हलगी मनात धरायला हरकत नाही, पण हलगीवाल्याला रंग चढला की वेग १२० च्या पुढं जातो. मोबाइलमधलं मेट्रोनोम ११० वर लावावं.

रूढ पद्धत फक्त आष्टीत चालते, असं वाटून कोणी खजील होऊ नये. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिकागो विद्यापीठाच्या इस्पितळात प्रत्यक्ष चाललेला सीपीआर यंत्रानं मोजला होता. तिथं प्रशिक्षित लोकांचे ३७ टक्के दाब उथळ होते. पहिल्या पाच मिनिटांचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे पाडले, तेव्हा २८ टक्के तुकड्यांत वेग ९० च्याही खाली होता. फुगा दाबून श्वास देणं मात्र दणक्यात चाललं होतं: ६१ टक्के तुकड्यांत मिनिटाला वीसहून जास्त. हे इस्पितळात, दिव्याखाली, सगळी साधनं हाताशी असताना. म्हणजे अडचण साधनांपेक्षा सवयीची जास्त आहे.

मधली सुट्टी : गंज का चढतो?

हृदयाचा डॉक्टर आणि त्यालाच हृदय चालू करता येत नाही, हे गावकऱ्यांना खरं वाटत नाही. पण त्यात नवल काही नाही. कॅथलॅबमध्ये पेशंट टेबलावर असतो, छातीला पॅड लावलेली असतात, ठोके बिघडले की काही सेकंदांत शॉक बसतो आणि मनगटातली तार हलायच्या आत हृदय ताळ्यावर येतं. वॉर्डात कोणी कोसळलं, तर धावतात ते रेसिडेंट, सिस्टर आणि भूलतज्ज्ञ. वरिष्ठ पोहोचेपर्यंत हात कोणाचे तरी पडलेले असतात. ओपीडीत येतात ते वाचलेले. म्हणजे माणूस हृदयाच्या शास्त्रात जितका वर चढतो, तितका तो छाती दाबायच्या कामापासून दूर जातो. यात त्याचा आळस कमी आणि बढतीचा दोष जास्त.

शिवाय हे हाताचं काम आहे. शिकल्यावर तीन ते सहा महिन्यांतच कौशल्य उतरायला लागतं, असं अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. भिंतीवरचं प्रमाणपत्र मात्र दोन वर्षं टवटवीत राहतं.

पाठ ५ : वय ओळखणे

नियमावली दर काही वर्षांनी बदलते. बैलबाजारात जबडा उघडून आदत, दोनदाती की जुळलेला हे सांगतात, तसं डॉक्टरच्या तोंडचे आकडे ऐकून तो शेवटचा कधी शिकला ते सांगता येतं. पुढचा तक्ता सिस्टरांनी खिशात ठेवावा.

— “मिनिटाला ६० वेळा दाबा” : हे १९६० चं मूळ वाण. आता संग्रहालयात शोभेल.

— “पाच दाब, एक श्वास” : दोघं मिळून करताना मोठ्या माणसासाठी हे चालायचं ते २००० पर्यंत.

— “पंधराला दोन” : २००५ च्या आधीचं शिक्षण. त्यानंतर मोठ्या माणसासाठी ३० दाब आणि २ श्वास आले.

— “लागोपाठ तीन शॉक द्या” : हेही २००५ च्या आधीचं. आता एक शॉक आणि नाडी न बघता लगेच दोन मिनिटं दाबणं.

— “आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छाती” : २०१० च्या आधीचं. त्या वर्षी क्रम उलटला आणि छाती पहिली आली.

— “रेघ सरळ आहे, ॲट्रोपिन भरा” : तेही २०१० च्या आधीचं. त्या वर्षी सरळ रेघेच्या उपचारातून ॲट्रोपिन निघालं. ॲड्रिनलिन १ मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी, हे राहिलं.

— “कमीत कमी शंभर, वर कितीही चालेल” : २०१० ते २०१५ यांमधलं पीक. २०१५ ला वरची मर्यादा आली, कारण फार भराभर दाबलं की खोली कमी होते.

— “१०० ते १२०, ५ ते ६ सेंटिमीटर, मधे थांबू नका” : २०१५ नंतरचं, चालू स्थितीतलं. जपून ठेवावं.

अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२० आणि २०२५ मध्ये नवी नियमावली काढली, तीत हे मूळ आकडे कायम आहेत. म्हणजे पाठांतराचं ओझं वाढलेलं नाही. सबब मात्र एक कमी झाली.

पाठ ६ : उतरंड

*रूढ पद्धत.* पदवीच्या क्रमानं बोलावं. सिस्टरला दिसतं, की साहेबांची कोपरं वाकताहेत; तिनं खाली बघावं. १०८ वरून उतरलेल्या डॉक्टरला, जो बहुधा बीएएमएस असतो, साहेबांचा वेग ८० आहे हे कळतं. त्यानं ट्रॉलीचं चाक तपासावं. गर्दीत महावितरणचा एक वायरमन असतो, त्यानं हे प्रशिक्षण घेतलेलं असतं. त्यानं तर तोंडच उघडू नये.

*नियमावलीची पद्धत.* एकानं मोजायचं, एकानं दाबायचं, एकानं घड्याळ बघायचं आणि चूक दिसली की मोठ्यानं बोलायचं. “सर, अजून खोल,” हा या प्रसंगातला अपमान नाही, उपचार आहे. साहेबांनीही “बरं, अजून खोल” असं उलट म्हणून दाखवायचं, म्हणजे सांगितलेलं पोहोचलं हे कळतं. आणि सिस्टरचे हात आपल्यापेक्षा चांगले पडत असतील, तर दाबायला तिला बसवून आपण घड्याळ धरायचं.

वायरमनच्या बाबतीत थोडा इतिहास आड येतो. छाती न उघडता, बाहेरून दाबून रक्त फिरवता येतं हे १९६० साली जगापुढं मांडणाऱ्या निबंधाचे पहिले लेखक विल्यम कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हतेच. ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले विजेचे इंजिनिअर. खांबावर चढणारे लाइनमन शॉक लागून मरायचे, म्हणून वीज कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या संशोधनातून ते या वाटेला लागले. त्यांचा विद्यार्थी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आलं, की कुत्र्याच्या छातीवर शॉकची पॅडल दाबून धरली की शॉक द्यायच्या आधीच रक्तदाब थोडा वर जातो. सर्जन जेम्स ज्यूड यांनी ते माणसावर आणलं. त्या पहिल्या निबंधात २० पेशंट होते, त्यांतले १४ वाचले. तेव्हा वायरमन “साहेब, मी दाबतो” म्हणाला, तर तो आपल्या घराण्याचा वारसा सांगतोय असं समजून सरकावं.

पदवी आणि हात यांचं नातं किती सैल असतं, हे आपल्याकडेही मोजलं गेलं आहे. ‘इंडियन जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया’मध्ये २०१० साली एक पाहणी आली. वैद्यकीय, दंत, होमिओपॅथी आणि परिचर्या शाखांचे विद्यार्थी, डॉक्टर आणि शिक्षक अशा १,०५४ जणांना जीवरक्षणाचे प्राथमिक प्रश्न विचारले. सगळी उत्तरं कोणालाच आली नाहीत. ८० टक्क्यांच्या वर गेले दोघं. ८९४ जण पन्नासच्या खाली राहिले. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून एमबीबीएसच्या पोराला कॉलेजात पाऊल टाकल्यावरच्या पायाभूत अभ्यासक्रमातच हे शिकवतात. म्हणजे अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात नुकतं दाखल झालेलं, अजून शवविच्छेदनाच्या वासानं जेवण न जाणारं पोर या एका विषयात आपल्याला शिकवू शकतं. सुट्टीत ते आष्टीला आलं असेल, तर बोलावून घ्यावं.

शंका-समाधान

*बरगडी मोडली तर?* मोडू शकते, नीट दाबल्यावरही मोडते. ती जुळते. थांबलेलं हृदय आपण होऊन जुळत नाही. हात ठीक जागी आहेत ना ते बघावं आणि पुढं चालू ठेवावं.

*हृदय चालू असताना चुकून दाबलं तर?* माणूस कण्हेल, हात ढकलून देईल. मग थांबावं. यात होणारी इजा, न दाबल्यानं होणाऱ्या इजेपुढं किरकोळ आहे.

*तोंडानं श्वास द्यायलाच हवा का?* सामान्य माणसानं अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाची फक्त छाती दाबत राहिलं तरी चालतं. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सामान्य लोकांसाठी फक्त छाती दाबण्याचीच पद्धत मांडली: ओळखा आणि मदत बोलवा, दाबा, इस्पितळात पोहोचवा. लहान मूल, किंवा विहिरीतून वा शेततळ्यातून काढलेला माणूस असेल, तर श्वास लागतोच. तिथं मूळ बिघाड हवेचा असतो. आपण तज्ज्ञ आहात, आपल्याकडून दोन्हीची अपेक्षा आहे.

*व्हॉट्सॲपवर आलंय, अटॅक आला की जोरानं खोकत राहा.* हे औषध कॅथलॅबमधून पळून आलेलं आहे. तिथं पडद्यावर ठोके दिसत असतात, पेशंट शुद्धीत असतो, डॉक्टर सांगतो तेव्हा तो काही क्षण खोकतो. कोसळलेला माणूस खोकत नाही. आणि शुद्धीत असलेल्यानं खोकण्यापेक्षा १०८ लावावा.

*आमच्या भिंतीवर प्रमाणपत्र आहे.* त्यावरची तारीख वाचावी.

घरचा अभ्यास

सरावाची बाहुली मिळवावी. नॉर्वेतले खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्दाल यांनी १९६० मध्ये पहिली अशी बाहुली केली. तिचा चेहरा पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या एका अनामिक तरुणीच्या मुखवट्यावरून घेतला, असं सांगतात. जगभरच्या लाखो लोकांनी तिच्या छातीवर हात घासले आहेत आणि ती कोणाचीही पदवी विचारत नाही. दर तीन महिन्यांनी तिच्यासमोर दोन-दोन मिनिटं गुडघे टेकावेत. दार लावून केलं तरी चालेल. पण उघडं ठेवलं तर फायदा जास्त.

स्वयंचाचणी

१. या वर्षी आपण बाहुलीवर किंवा माणसावर स्वतःच्या हातांनी छाती दाबली का?

२. आपल्या क्लिनिकमधला डिफिब्रिलेटर कोणत्या खोलीत आहे आणि तो चार्ज आहे का? सिस्टरला न विचारता सांगा.

३. गेल्या वेळी कोणी “सर, अजून खोल” म्हणालं, तेव्हा आपण काय केलंत?

४. “पंधराला दोन” हे वाचून आपल्याला पाठ ५ मध्ये काही वावगं वाटलं का?

चारही उत्तरं समाधानकारक असतील, तर ही मार्गदर्शिका गावाकडच्या मित्राला द्यावी. दोन असतील, तर पाठ ४ पुन्हा करावा. एकही नसेल, तर पुढच्या शिबिरात उद्घाटनाला येऊन लगेच निघावं, थांबू नये.

शेवटची सूचना

शिबिरात मोफत ईसीजी मिळतो, मोफत गोळ्या मिळतात. पण आष्टीला त्या दिवशी आणखी एक गोष्ट मिळते: मोठा डॉक्टर काय करतो हे दोनशे माणसं बघतात. आपण कांदेवाल्याला रागावून जिभेखाली गोळी ठेवली, तर उद्यापासून प्रत्येक घरात कांद्याच्या जागी गोळी येईल. आपण “नगरला हलवा” म्हणालात, तर पुढची वीस वर्षं प्रत्येक नानाला बोलेरोत घालतील. आपण गुडघे टेकून, कोपरं ताठ ठेवून, मोठ्यानं मोजत दाबलंत, तर त्यांतली वीस-पंचवीस माणसं तरी तसंच दाबायला शिकतील. पुढच्या वेळी कोणी कोसळेल तेव्हा आपण तिथं नसाल, तीच असतील.

म्हणून डॉक्टरसाहेब, पुढच्या शिबिराला येताना ईसीजी मशीनबरोबर एक बाहुलीही आणा, आणि सत्काराच्या आधी दहा मिनिटं तिच्यावर सगळ्यांना हात टाकू द्या. आणि आष्टीकरांनो, बाहुली आली नसेल तर आयोजकांना विचारा. डॉक्टरांची पदवी विचारायला लाजता, ते ठीक. पण त्यांनी शेवटची छाती कधी दाबली, हे विचारायला लाजू नका.